मंडई, मुळा आणि बिअर

शनिवारची दुपार. म्युनिकचा मारिएनप्लात्झ हा मुख्य चौक ओलांडून दोन मिनिटं चाललं की व्हिक्टुआलिएनमार्क्ट लागतो. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून मी त्याला सरळ मंडईच म्हणते. चौकातली जागा अपुरी पडायला लागली म्हणून १८०७ मध्ये राजा पहिला माक्स योझेफ याने बाजार इथे हलवला. आज इथे शंभराहून जास्त स्टॉल आहेत. फळं, भाज्या, चीज, मध, फुलं, सॉसेजेस. मधोमध निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा उंच खांब, आणि तिथेच चेस्टनटच्या झाडांखाली बिअर गार्डन. होय, भर मंडईत, भर दुपारी, उघड्यावर बिअर!

ऑनसाइट आल्यापासून मी इथे कितीतरी वीकएंड घालवलेत. यावेळी मात्र पोटात गोळा होता, कारण सोबत बाबा होते.

आमच्या घरात दारू हा विषयच निघत नाही. अण्णाकाका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, पिण्यापायी गेले. काळ्या पिशवीतून आणायचे, दार लावून घ्यायचे. त्यामुळे शुक्रवारी रात्री घरून फोन आला की मी ग्लास लांब ठेवून ‘टीम डिनरला आलेय’ एवढंच सांगते. बाबा तीन आठवड्यांसाठी आले, तेव्हा किल्ला, म्युझियम, राजवाडा सगळं दाखवून झालं. शेवटी तेच म्हणाले, “अगं, इथे मंडई नाही का?” आता पुण्याच्या माणसाला मंडई नाही असं कसं सांगायचं?

पहिल्या पाच मिनिटांत बाबांनी बोलणी खाल्ली. सवयीने टोमॅटो दाबून बघितला आणि स्टॉलवरच्या बाई कडाडल्या. इथे मालाला हात लावायचा नाही. काय हवं ते सांगायचं, त्या काढून देतात. “हात न लावता कळणार कसं?” बाबा पुटपुटले. मग कार्ल व्हॅलेंटिन या विनोदी नटाच्या पुतळ्याचं कारंजं दिसलं, त्याच्या हातात कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. बाबा खूश. “नटाला रोज फुलं वाहतात? बरे आहेत लोक.”

चालून पाय दुखायला लागले आणि रिकामी बाकं दिसली ती नेमकी बिअर गार्डनमध्येच. बाबांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं. “बसायला हरकत नाही ना?”

बसलो. समोर एक आजी, बाजूला लहान मुलासह एक जोडपं. इथे टेबल कुणाच्या मालकीचं नसतं. ‘ही जागा रिकामी आहे का?’ एवढं विचारायचं आणि अनोळखी माणसांशेजारी बसायचं. मी डबा उघडला. आईने पाठवलेल्या भाजणीची थालीपिठं होती. बाबा दचकलेच. “अगं, हॉटेलात आपला डबा? हाकलतील!”

इथेच तर गंमत आहे. पूर्वी आगीच्या भीतीने बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. मग ब्रुअरीवाले थंडीत बनवलेली बिअर तळघरात साठवायचे आणि सावलीसाठी वर चेस्टनट लावायचे. लोक तिथेच झाडाखाली प्यायला बसू लागले. खाणावळवाल्यांनी तक्रार केल्यावर याच माक्स योझेफने १८१२ मध्ये तोडगा काढला: बिअर विका, पण पावाखेरीज खायला काही विकू नका. झालं, लोक घरून डबे आणू लागले. आता गार्डनमध्ये खायला मिळतं, पण डब्याचा हक्क कायम आहे. १९९५ मध्ये एका गार्डनच्या बंद व्हायच्या वेळेवरून वाद झाला तेव्हा हजारो म्युनिककर मोर्चा घेऊन रस्त्यावर आले होते!

आपल्याकडे २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं आणि क्राफ्ट बिअर हा शब्द आपल्या तोंडी रुळला. इथे १५१६ च्या कायद्याने बिअरमध्ये फक्त पाणी, बार्ली आणि हॉप्स, एवढंच चालायचं. या गार्डनमध्ये एका वेळी एकाच ब्रुअरीची बिअर मिळते. म्युनिकच्या सहा जुन्या ब्रुअऱ्यांचा नंबर पाळीपाळीने लागतो. त्यातली हॉफब्रॉय तर चक्क राज्य सरकारची! क्राफ्टवाले हवे असतील तर गीझिंगर आहे. एका गॅरेजमध्ये सुरुवात, आणि पुढे ‘म्युनिकची बिअर’ म्हणवून घेण्यासाठी शहराखालचंच पाणी हवं म्हणून स्वतःची खोल बोअर मारली.

हे सगळं मी बाबांना फारच उत्साहाने सांगत होते. ते मुळ्याच्या चकत्या खात होते. इथे मुळा स्प्रिंगसारखा कापून मीठ लावून देतात. समोरच्या आजींनी अर्ध्या लिटरचा ग्लास तासभर पुरवला होता. मी थालीपीठ पुढे केलं. त्यांनी ओबाट्झ्डा, म्हणजे कांदा आणि पाप्रिका घातलेलं मऊ चीज, लावून खाल्लं आणि मान डोलावली.

बाबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, “अण्णा असा चारचौघांत कधी बसलाच नाही गं. आम्हीच बसू दिलं नाही.”

मला काय बोलावं कळेना.

“तुला बरीच माहिती आहे,” ते पुढे म्हणाले. “घेतेस?”

“कधीतरी. शुक्रवारी.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही चिडाल म्हणून.”

“चिडलोच आहे,” बाबा म्हणाले. “पण ते लपवलंस म्हणून. जा, घेऊन ये तुझी. मला तो सफरचंदाचा सोडा आण.”

मी अर्धा लिटर हेलेस आणली. आजींनी ग्लास उचलला. इथे ‘प्रोस्ट’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावंच लागतं. आजींच्या डोळ्यांत बघणं सोपं होतं. बाबांच्या बघताना मात्र क्षणभर जड गेलं. त्यांनी सोड्याचा ग्लास माझ्या ग्लासला टेकवला आणि मुळा पुढे सरकवला. “एकच हं.”

एकच घेतली. तासभर पुरवली.

तुम्ही जाणार असाल तर...

• रविवारी मार्केट बंद असतं. शनिवारी दुपारी गर्दी, पण मजाही तेव्हाच.

• डबा घेऊन बसायचं तर सेल्फ सर्व्हिसच्या, टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलावर बसा. पेय मात्र तिथलंच घ्यायचं.

• थोडी कॅश जवळ ठेवा. ग्लासचं डिपॉझिट घेतलं असेल तर निघताना परत घ्यायला विसरू नका.

• आणि भाजीला हात? अजिबात नाही!