मागच्यासाठी घंटी

आत्याचं शिवणयंत्र माझ्याकडे आलं ते पावसाळ्याच्या तोंडावर. दमट हवेनं उजवीकडचा खण फुगून बसला होता. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा कुठे तो उघडला आणि मशीनच्या तेलाचा वास एकदम अंगावर आला. बॉबिनी, खडूचे तुकडे, मोडक्या सुया, हुकांची पाकिटं. आणि सगळ्याच्या तळाशी, जुन्या पातळाच्या चिंधीत गुंडाळलेली सायकलची घंटी. मी तिथेच फरशीवर बसले.

कळ दाबून पाहिली. आवाज आला नाही. अंगठा मात्र बरोबर जागेवर गेला होता.

आत्याची सायकल जाऊन सात वर्षं झाली. आत्या गेल्यावर साताऱ्याचं घर रिकामं करताना माझ्या धाकट्या भावानं ती भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकली. मला एका शब्दानं विचारलं नाही. "गंजली होती गं ताई, नुसती जागा अडवत होती." काळी लेडीज सायकल, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, रॉडचे ब्रेक. तिच्यावर बसून आत्या तीस वर्षं शाळेत शिकवायला गेली. अशी वस्तू किलोच्या भावानं जाते, हे मला सोसलं नाही. त्यानंतर भावाकडे भाऊबीजेला गेले, त्याच्या मुलीच्या लग्नात राबले. पण ते वाक्य मनात कुसळासारखं रुतून राहिलं. आणि आज कळत होतं की गुडघ्यांनी साथ सोडल्यावर कधीतरी आत्यानं स्वतःच पाना घेऊन ही घंटी उतरवून ठेवली होती. भंगारात सायकल गेली, तिचा आवाज गेला नव्हता.

1979 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तेरा वर्षांची होते. आत्या म्हणाली, "चल, तुला तीन दिवसांत तीन गावं दाखवते." माझ्यासाठी दिवसाच्या बोलीवर भाड्याची सायकल घेतली, कॅरिअरला वळकटी आणि दशम्यांचा डबा बांधला, आणि आम्ही साताऱ्याहून निघालो. पहिला मुक्काम वाई. वाटेत महामार्ग सोडून आत वळलो ते लिंबला, बारा मोटांच्या विहिरीवर. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवून घेतली. अष्टकोनी, सुमारे 50 फूट रुंद, 110 फूट खोल. आणि तिच्या पोटात दगडी महाल. पायऱ्या उतरून आत शिरलं की उन्हाळाभर साठवल्यासारखा गारवा.

पण आत्या मला महालातून वर, मोटांच्या जागी घेऊन गेली. तिनं आजोळी मळ्यात मोट पाहिली होती. नाडा कसा चाकावरून जातो, सोंदूर कसा खालून सोंड आवळून धरतो, थारोळ्यात पाणी कसं धबकन पडतं, हे ती हातवारे करून सांगत होती. "बैल धावेवरून खाली उतरतात तेव्हा भरलेली मोट वर येते. मग रिकामी मोट विहिरीत सोडताना तेच बैल उलट्या पावलांनी, मागे मागे सरत चढ चढतात. मागचं दिसत नाही, तरी पाय चुकत नाही." मग माझ्या सायकलकडे बघून म्हणाली, "त्यांना उतारावर ओझं. आपल्याला चढावर."

तिसऱ्या दिवशी ते पटलं. वाईहून पाचगणी म्हणजे पसरणीचा घाट, 12-13 किलोमीटरांत जवळजवळ साडेपाचशे मीटरची चढण. गिअर नसलेल्या सायकली आम्ही बहुतेक हातांनीच ढकलत नेल्या. हँडलवर छाती टेकून, दर वळणाला दगडावर बसून, खाली कृष्णेचं खोरं आणि पलीकडे पांडवगड बघत. वर पोचून दशम्या खाल्ल्या आणि ऊन कलताना उतरायला लागलो.

तो उतार मी आजवर शेकडो वेळा मनात उतरले आहे. आत्या पुढे, मी मागे. तिनं बजावलं होतं, माझ्यापुढे जायचं नाही, बोटं ब्रेकवरून काढायची नाहीत. ब्रेकची रबरं तापून जळका वास येत होता. वळण आलं की ती कड्याआड नाहीशी व्हायची आणि लगेच घंटी ऐकू यायची. ट्रिंग. थोड्या वेळानं पुन्हा, जरा खालून. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग ही घंटी कुणासाठी वाजवते आहे, असं मला वाटत राहिलं. अंधारत गेलं तशी ती मला दिसेनाशीच झाली. पण रस्ता कुठे वळतो आहे, किती खाली गेला आहे, हे मला तिच्या घंटीवरून कळत होतं. पायथ्याला पोचल्यावर मी विचारलं, "कुणी नव्हतं तरी का वाजवत होतीस?" ती म्हणाली, "तू होतीस की."

घंटी पुढच्यासाठी असते, बाजूला हो म्हणून. मागच्यासाठी वाजवलेली घंटी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

मधला दिवस सांगायचा राहिला, आणि इथे मला मेणवली आठवतेच. वाईतून ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही निघालो होतो. 1762 मध्ये गणपतराव रास्ते यांनी बांधलेल्या त्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेचा पूर दुभंगून जावा म्हणून. तिथून तीन-चार किलोमीटरवर नाना फडणवीसांची मेणवली. 1768 मध्ये हे गाव नानांना मिळालं. वाडा, त्यामागे नदीवर उतरणारा चंद्रकोरीसारखा घाट, मेणेश्वराचं देऊळ. आणि देवळाशेजारच्या छोट्या घुमटीत टांगलेली ती प्रचंड घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला, एक इथे.

विजयाची खूण म्हणून सगळे ती घंटा दाखवतात. आत्या मात्र तिच्यासमोर बराच वेळ गप्प उभी राहिली. मला भूक लागली होती, मी तिचा पदर ओढत होते. ती म्हणाली, "ही वाजायची थांबली तेव्हा तिकडे कुणालातरी चुकल्यासारखं झालं असेल." एवढंच. पुढे ती वाड्यातली चित्रं बघायला गेली. आज वाटतं, दुसऱ्या दिवशी घाटात ती जी घंटी वाजवत राहिली, तिच्यात या घंटेचं काही उतरलं असेल का? सांगता येत नाही. आत्यानं कधी असल्या गोष्टी जोडून दाखवल्या नाहीत.

मी घंटी दुरुस्त केली. वरची वाटी आट्यावरून फिरवून काढली. आत घट्ट झालेलं काळं तेल, एक स्प्रिंग, दात असलेली दोन छोटी चाकं आणि फिरत्या पट्टीवर सैल बसवलेल्या दोन चकत्या. कळ दाबली की दाते पट्टीला गरगर फिरवतात, चकत्या बाहेर फेकल्या जातात आणि वाटीला आतून आपटत राहतात. चकत्या सैल असतात म्हणूनच आवाज येतो. घट्ट केल्या तर घंटी मुकी. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवली, जुन्या दातांच्या ब्रशनं घासली, दोन थेंब तेल सोडलं. सकाळी वाजली. तोच आवाज, किंचित घोगरा.

माझ्या गिअरच्या सायकलला ती लावली आणि पसरणीचा घाट उतरायचं ठरवलं. भावाला कळलं तसा तो हट्टानं गाडी घेऊन आला. "साठीला आलीस ताई, एकटीला सोडणार नाही." सायकल गाडीत घालून आम्ही आदल्या रात्री पाचगणीला राहिलो. पहाटे, पर्यटकांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत, मी उतरायला लागले. धुकं होतं. तो मागे, बराच मागे. वळणावर अंगठा आपोआप कळेवर गेला. मग प्रत्येक वळणावर मी वाजवत राहिले, आत्यासाठी, असंच मी धरून चालले होते.

पायथ्याशी थांबले. भाऊ गाडीतून उतरला. काचा खाली केलेल्या होत्या, रेडिओ बंद. म्हणाला, "धुक्यात तू दिसतच नव्हतीस. पण घंटी ऐकू येत होती, म्हणून जीव थाऱ्यावर होता."

मी त्याला त्या दिवाळीची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं कधी सांगितलीच नव्हती. तो टपरीवरच्या चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी पाच वर्षांचा होतो. तुम्ही निघालात तेव्हा मी फाटकापर्यंत पळत आलो होतो. आत्या म्हणाली, पुढच्या दिवाळीत तुलाही नेईन. ती पुढची दिवाळी आलीच नाही."

सात वर्षं मी एक सायकल मनात धरून बसले होते. त्याची फाटकापाशी सुटलेली सायकल मला माहीतच नव्हती. आत्या मागच्यासाठी घंटी वाजवत घाट उतरली, त्या दिवशी सगळ्यांत मागे कोण राहिलं होतं, हे मला पंचेचाळीस वर्षांनी कळत होतं.

"सायकल येते का अजून तुला?" मी विचारलं.

तो उठला, माझी सायकल धरली, सीट जरा वर घेतली आणि टांग टाकली. मेणवलीच्या रस्त्याला लागला. मी गाडीची काच खाली ठेवून हळूहळू त्याच्या मागून निघाले. पहिल्याच वळणावर, मी न सांगता, त्यानं घंटी वाजवली.