यादवीची वस्तू

राहनाळच्या गोदामांच्या पत्र्यांवर पावसाचा मारा चालू असला, की त्या विस्तीर्ण अंधारात काय काय साठवलेले असेल या विचारात मन रमते. आणि एक गोष्ट तर मला मनोमन वाखाणावीशी वाटते, ती ही की, आत आलेला प्रत्येक नग कोणाकडून आला व कोणाच्या नावे जावयाचा आहे याचा दाखला त्याच्या अंगावरच चिकटवलेला असतो. एवढे साधे पथ्य आमच्या संग्रहालयांना पाळता येत नाही. पुण्यास एकदा मी काचेआडची एक तलवार पाहिली. चिठ्ठीवर अठराव्या शतकातील मराठा तलवार एवढीच नोंद. ती मोगलांवर उपसली गेली, की १७०७ साली खेडजवळ भीमेच्या काठी शाहू महाराज आणि ताराराणी यांच्या फौजा समोरासमोर ठाकल्या तेव्हा मराठ्याच्याच अंगावर, हे विचारावे कोणाला? अमेरिकेने आपल्या १८६१ ते १८६५ च्या यादवीसाठी रिचमंडला स्वतंत्र संग्रहालय थाटले; आपण मात्र त्या प्रकाराला प्रभासक्षेत्री आपसात लढून संपलेल्या यादवांचे नाव दिले आणि मोकळे झालो!

आणि तरीही आमच्या यादवीची एक अवाढव्य वस्तू येथून जवळच आहे. कशेळीचा पूल ओलांडून बाळकुमावरून ठाण्यास जावे, म्हणजे पोर्तुगीजांनी उभारलेला आणि १७३७ साली मराठ्यांनी हिसकावलेला किल्ला लागतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला, गादीसाठी त्यांचे चुलते राघोबादादा व बारभाई कारभारी यांच्यात जुंपली, दादांची इंग्रजांशी बोलणी सुरू झाली, आणि घरातल्या या बखेड्याचा सुगावा लागलेल्या मुंबईकर इंग्रजांनी, दादांच्या सनदेचीही वाट न पाहता, डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे घेऊन टाकले. पुढे ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात दादांनी साष्टी (ठाणे तिच्यातच येते) व वसई इंग्रजांना लिहून दिली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी नाही. पेशवाई बुडेपर्यंत खाडीच्या आमच्या बाजूस पेशव्यांचा मुलूख आणि पलीकडे कंपनीचा, अशी स्थिती राहिली.

त्या किल्ल्यावर यादवीची चिठ्ठी कोणी चिकटवलेली नाही. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे तेथेच फासावर गेले. आणि आजही तेथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृहच आहे.