चौऱ्याहत्तर पत्रांचा ताळा

हिशेबखात्यात हयात गेलेल्या माणसाला ताळा जमल्याखेरीज झोप येत नाही. निवृत्तीनंतर आम्ही बेळ्ळंदूरला पुतण्याकडे राहावयास आलो, तेव्हा सोबत जुना संगणक आणला होता. त्यावर 'बॉस' ही सी-डॅकने २००७ साली काढलेली, लिनक्सच्या डेबियन कुळातील प्रणाली चालते. तिच्या पोटात आमच्या आईवडिलांची पत्रे होती. अण्णा बदलीच्या गावांहून लिहीत, आई साताऱ्याहून उत्तर धाडी. ३७ पत्रे, ३७ उत्तरे. मूळ कागद वाळवीने खाल्ले. आधी काढून ठेवलेल्या प्रतिमा तेवढ्या उरल्या. आईच्या प्रतिमेला रोमन लिपीतला मोठा 'ए' व क्रमांक, अण्णांच्या प्रतिमेला लहान 'ए' व तोच क्रमांक, अशी आमची नावे.

पुतण्याच्या मॅकवर ती एका आज्ञेने पाठविली. तक्रारीचा एक शब्दही उमटला नाही. जुना संगणक पुसण्यापूर्वी सवयीने मोजदाद केली, तो इकडे ७४ आणि तिकडे ३७! उघडून पाहावे तो कोठे आईच्या नावाखाली अण्णांचे अक्षर, तर कोठे अण्णांच्या नावाखाली आईचे.

"काका, मूळ पुसलं नाही ना?" पुतण्याने घाबरून विचारले.

मग त्याने घराण्याचा वृत्तान्त सांगितला. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन व डेनिस रिची यांच्या हातून जन्मली. तिची एक शाखा बर्कलीच्या विद्यापीठात वाढली. मॅकच्या अंगात त्या शाखेचे पुष्कळ रक्त आहे. लिनक्स १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्सने नव्याने लिहावयास घेतली; तिला दत्तक म्हणावे. २००७ साली मॅकच्या प्रणालीला 'युनिक्स' म्हणविण्याचे रीतसर प्रमाणपत्रही मिळाले. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांकडे ते नाही. परंतु मोठे व लहान अक्षर हे दोन वेगळे जीव मानण्याचा जुना कुलाचार दत्तकाने सांभाळला आहे. मॅक नाव लिहिल्याप्रमाणे जपते खरे. पण ओळखताना, मुद्दाम सांगितल्यावाचून, तो भेद करीत नाही. (प्रमाणपत्रांवर भिस्त ठेवणाऱ्या आम्हा सरकारी मंडळींनी येथे क्षणभर थांबावे.)

आज्ञांचेही तेच. 'सेड' दोहींकडे आहे. मजकूर जागच्या जागी बदलावयाचा तर लिनक्सला एक खूण पुरते. मॅक त्या खुणेपुढे जुन्या प्रतीसाठी प्रत्यय मागते, मग तो रिकामा का असेना. शब्द ओळखीचा असला की माणूस विचारीत नाही, आणि तेथेच फसतो. बेळ्ळंदूरला 'बेलंदूर' म्हणून रिक्षावाल्याचे स्मित ओढवून घेणाऱ्या आमच्यासारख्याला हे अगोदर सुचावयास हवे होते. चूक आमचीच, नावे आम्हीच तशी ठेवली होती.

पुतण्याने मॅकवर अक्षरभेद पाळणारा एक निराळा कप्पा करून दिला आणि पत्रे पुन्हा पाठविली. आम्ही दोनदा मोजली. ७४ भरली. एकोणिसाव्या पत्रात अण्णांनी तिकडे पाऊस लागला का म्हणून विचारले आहे. आईचे उत्तर शेजारीच उघडले: लागला, आणि माजघर गळते आहे.