सामानाजवळ बसणारी

आमच्या घरच्या सहलींचे जुने फोटो काढले, तर त्यांत मी कुठंच सापडायची नाही. राजगड, तोरणा, प्रतापगड, हरिश्चंद्रगड. हे आहेत, मुलं आहेत, दीर-जावा आहेत, शेजारची मंडळीसुद्धा आहेत. मी नाही. कारण फोटो निघायचे वर गडावर, आणि मी असायची पायथ्याला. पिशव्या, डबे, पाण्याचे कॅन, मुलांचे जादा कपडे यांच्या राशीत. "सामानाजवळ कुणीतरी हवंच ना!" हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय मी, की पुढंपुढं कुणी विचारीनासंच झालं.

तीच मी दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, फ्रान्समधल्या व्हेरदाँ नदीच्या घळीतून चौदा-पंधरा किलोमीटर चालून आले. ही गोष्ट सांगायची, ती मोठेपणा मिरवायला नाही. त्या वाटेवर मला माझ्याच घरातलं एक काहीतरी कळलं, म्हणून.

आमची लेक दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेयजवळच्या एक्स गावी नोकरीला असते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं, "आई-बाबा, तुम्हाला व्हेरदाँला नेणार." बेत खरं तर बाप-लेकीचा होता. पण यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, उतार अजिबात चालायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आदल्या रात्री कास्तेलान नावाच्या गावी मुक्कामाला असताना हे म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी बसतो सामानाजवळ." मी हसले. लेक मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आई, येशील?"

येते म्हणाले खरी, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

ही घळ म्हणजे काय प्रकार आहे ते आधी सांगते. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, ज्वालामुखीच्या लाव्हाचा. तिथला डोंगर आहे चुनखडीचा, एकेकाळी समुद्राच्या तळाशी साचलेला. आपल्या घरात शहाबादी फरशी असते ना, तीही चुनखडीच. तिच्यावर लिंबू पिळलं गेलं की पांढरा डाग पडतो आणि कितीही घासलं तरी निघत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. आंबटानं दगड विरघळतो. पावसाचं पाणीही हवेतून आणि मातीतून येताना किंचित आंबट होतं. लिंबाइतकं नाही, पण त्याला घाई कुठं असते? त्या पाण्यानं आणि व्हेरदाँच्या धारेनं लाखो वर्षं दगड खाल्ला, आणि सुमारे पंचवीस किलोमीटर लांब, काही ठिकाणी सातशे मीटर खोल अशी चीर पडली. तळाशी हिरवंगार पाणी, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या-राखाडी भिंती.

1905 सालच्या ऑगस्टमध्ये एदुआर मार्तेल नावाच्या गुहा-संशोधकानं ही घळ पहिल्यांदा आरपार पार केली. त्याच्या बरोबर रूगों या जवळच्या खेड्यातले शाळामास्तर होते, इझिदोर ब्लां. पुढं घळीतून पायवाट बांधली गेली, तिला नाव मिळालं 'ब्लां-मार्तेल'. गावच्या मास्तरांचं नाव आधी! हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

सकाळी गाडी आणि हे, दोघांनाही वाट जिथं संपते त्या प्वां सुब्लीमला ठेवलं आणि टॅक्सीनं आम्ही दोघी सुरुवातीच्या टोकाला, ला मालीनला गेलो. निघताना यांच्या हातात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मास दिला. गाडीच्या दाराशी पिशव्या मांडून बसलेले हे मला कसेसेच दिसले. असं कधी बघितलंच नव्हतं ना!

सुरुवातीची वाट वळणं घेत उतरते, ओकच्या रानातून. ओक म्हणजे राजवाड्याबाहेरचा भलामोठा वृक्ष असं माझ्या डोक्यात होतं. इथले ओक बुटके, वेडेवाकडे. दगडाच्या फटीत मूठभर माती, तिच्यात जगायचं म्हटल्यावर वाढणार किती? पानाला खालून बारीक लव असते, बाळाच्या कानामागं असते तशी. लेक म्हणाली, थंडीत यांची पानं वाळतात पण गळत नाहीत, तपकिरी होऊन फांदीलाच धरून राहतात. वसंतात नवी यायला लागली की सुटतात. मी म्हटलं, "सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांसारखी!" दोघी हसलो. वाटेवर झाडांना, दगडांना पांढऱ्या-तांबड्या पट्ट्या रंगवलेल्या असतात, त्या बघत चालायचं. फुली दिसली तर समजायचं, चुकलो.

तासा-दोन तासांनी मेस्कला म्हणून जागा आहे, तिथं आर्तुबी नदी व्हेरदाँला मिळते. तिथल्या जुन्या बोलीत मेस्कला म्हणजे मिसळणं. आपला संगमच की! पाण्यात उतरायचा मोह होतो, पण वरच्या धरणातून पाणी सोडलं की नदी एकदम चढते, तशा पाट्याच लावल्यात. म्हणून काठावर बसून दशम्या सोडल्या. खाता खाता लेक सहज म्हणाली,

"आई, लहानपणी मला वाटायचं, तुला आमच्याबरोबर यायला आवडतच नाही."

घास घशातच अडकला. मैत्रिणींनो, इतकी वर्षं मी समजत होते की मी त्यागाची पोळी भाजतेय! मुलांना, यांना मोकळेपणी फिरता यावं म्हणून मी खाली बसते. आणि पोर वर गडावर उभी राहून समजत होती की आईला आपण नकोय. म्हणाली, "राजगडला बालेकिल्ल्यावर पडले होते, तेव्हा फार वाटलं, तू हवी होतीस. खाली आल्यावर सांगितलं नाही. तू डबे आवरत होतीस."

मला रडू आलं नाही, रागच आला. तिच्यावर नव्हे. कारण खरं सांगायचं तर मला कुणी खाली बसवलं नव्हतं. दोन-तीनदा यांनी 'चल की' म्हटलंही होतं. मला उंचीची भीती वाटायची. ती सांगायची लाज वाटायची, आणि सामान हे फार सोयीचं निमित्त होतं. त्यागाच्या पदराखाली भीती झाकली की कुणाला दिसत नाही.

हे तिला तेव्हा सांगितलं नाही. पुढं एका खिंडीत सांगावंच लागलं. तिला म्हणतात ब्रेश आंबेर. चढ चढून तिथं पोचलं की पलीकडच्या बाजूला लोखंडी शिड्या, दोनशे बावन्न पायऱ्या, जवळजवळ सरळ खाली. चाळीसएक उतरले आणि पाय थांबले. ओठ कोरडे, हातांनी कठडा असा धरला की बोटं पांढरी पडली. खाली बसलेच. मागं लोक येऊन उभे राहिले, एकजण चकार शब्द बोलला नाही. लेक दोन पायऱ्या परत चढून आली.

"मला भीती वाटते गं," मी म्हटलं. "पहिल्यापासून वाटते. म्हणून येत नव्हते. तुम्ही नको होतात म्हणून नाही."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "उलटी फिर. शिडीकडे तोंड कर आणि पायऱ्या मोज. मोठ्यानं." मी मोजत उतरले, लहानपणी पाढे म्हणायचो तसं. दीडशेला आवाज फुटला, दोनशेला पाय हलके झाले. शेवटच्या पायरीवर मागच्या फ्रेंच आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

नंतर बोगदे. विजेच्या एका प्रकल्पाचं पाणी न्यायला ते गेल्या शतकाच्या सुरुवातीला खोदले. प्रकल्प सोडून दिला, बोगदे राहिले. मोठा सुमारे पावणेसातशे मीटरचा, मिट्ट काळोख, पायाखाली पाणी. अंधाराची मला भीती नाही. तिथं लेकीनं माझा हात धरला. तिला वाटते म्हणे. आम्हाला दोघींना एकमेकींचं हे एकाच दिवशी कळलं.

सहा-सात तासांची वाट आम्हाला नऊ तास लागली. कुणी जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा: घरात पंधरा दिवस वापरलेले बूट, दर माणशी दोन-अडीच लिटर पाणी, प्रत्येकीची वेगळी बॅटरी, आणि उतारावर अंगठ्याला टोचू नयेत म्हणून कापलेली नखं. साडीचा हट्ट नको, सलवार-कमीज उत्तम.

वर पोचलो तर हे गाडीजवळच, आकाशाकडे तोंड करून. रूगोंच्या कड्यांवर 1999 पासून गिधाडं पुन्हा आणून सोडलीत, ती घिरट्या घालत होती. मला बघून उठले. माझा घामेजलेला अवतार न्याहाळला आणि म्हणाले, "अगं, नऊ तास बसलो. सामानाकडे कुणी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही!"

"तीस वर्षं मलाही हाच अनुभव," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. थर्मासातला उरलेला चहा तेवढा माझ्यापुढं केला. गार झाला होता, तरी प्यायले.

लेकीनं तिघांचा फोटो काढला, पिशव्यांसकट. तो आता हॉलमध्ये लावलाय. थंडीत ती येणार आहे, तेव्हा राजगड ठरलाय. हे गुंजवणे गावात चहा पीत बसणार आहेत. सामान गाडीत राहील, कुलूप लावून.