भिंतीपासून पाच फूट

९ जानेवारी २०२५, गुरुवार

सकाळीच भाचीचा कॅलिफोर्नियाहून फोन. लॉस एंजेलिसजवळचं पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडिना परवापासून जळतंय. तिचं घर तिथून खूप लांब, उत्तरेला, पण टेकडीला खेटून. म्हणून पोरीचा आवाज कापत होता. आगीइतकीच तिला विमा कंपनीच्या पत्राची धास्ती. तिथल्या सगळ्यात मोठ्या विमा कंपनीने गेल्या मार्चमध्ये सुमारे ७२,००० पॉलिसी पुढे चालवणार नाही असं जाहीर केलं होतं. तिची कंपनी निराळी, पण नूतनीकरणाची तारीख जवळ आली की हिची झोप उडते. कुणीच दारात उभं करत नाही त्यांच्यासाठी तिथे ‘फेअर प्लॅन’ आहे. हप्ता जास्त, संरक्षण कमी.

“मामा, भिंतीपासून पाच फूट जळण्यासारखं काही म्हणून ठेवू नका असं सांगतात. रोप नाही, लाकडी कुंपण नाही, पायपुसणंसुद्धा नाही.” घरं बहुधा ज्वाळेने पेटत नाहीत, वाऱ्यावर उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, म्हणून हा नियम.

फोन ठेवला आणि बाहेर बोळात आलो. दोन्ही हात पसरायला गेलो तर कोपरं दोन्हीकडच्या भिंतींना टेकली. आमच्या दिवाळे कोळीवाड्यात पाच फूट आणायचे कुठून?

१६ फेब्रुवारी, रविवार

कालपासून वनखात्याचा आगीचा हंगाम सुरू झाला. १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा झाल्या पाहिजेत. म्हणजे गवताचा पट्टा कापून, थंड वेळी जाळून मोकळा करायचा, की पुढून आलेल्या वणव्याला खायला काही उरत नाही.

पहाटे पारसिकच्या डोंगरावर चढलो. गवत कमरेएवढं, पार वाळलेलं. कुसळं लेंग्यात शिरून टोचत होती. एका ठिकाणी कुणीतरी पावसाळ्यात रोपं लावलीत, प्रत्येकाभोवती दगडांचं आळं आणि एक बाटली उलटी खोचलेली. आळ्यातलं गवत उपटलेलं, आळ्याबाहेरचं तसंच. वणव्याला एवढी फट पुरते.

आमच्याकडे डोंगर आपोआप पेटत नाही. माणूस पेटवतो. कुणी विडी टाकतं, कुणी जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं असं मानतं, कुणी कचऱ्याला काडी लावतं. दुपारी खाडीकडून वारा सुटतो आणि आग चढावर धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. वरच्या इमारतींना धोका दुपारी. रात्री वारा फिरतो, मग राख आमच्या कौलांवर येते.

१३ मार्च, गुरुवार

होळी. कोळ्यांचा मोठा सण. होळीच्या चारी बाजूंना पोरांनी पाण्याची पिंपं भरून ठेवली, कुणी न सांगता. मला फार बरं वाटलं.

२ एप्रिल, बुधवार

आज आमच्याकडेच पेटलं. डोंगरावर नाही, खाडीच्या अंगाला, कांदळवनाच्या कडेला वाळलेल्या गवतात. कुणीतरी कचरा जाळून निघून गेलं होतं. आम्ही ओल्या डहाळ्यांनी झोडपत होतो, बायका हंडे घेऊन धावत होत्या. बंब आला, पण बोळाच्या तोंडाशीच अडकला. तिथून पाइप ओढत आणले.

घरं वाचली. वहिनीचं डोल जाळं गेलं. मासे सुकवायच्या वलांडीशेजारी ताडपत्रीखाली ठेवलेलं. नायलॉन पेटलं म्हणजे राख होत नाही, वितळतं. संध्याकाळी मी ते पाहिलं: काळा, चकचकीत, दगडासारखा गोळा, त्यात रुतलेली शिशाची वजनं, आणि एका टोकाला वीतभर जाळं शाबूत. त्या शाबूत आसांवरून वहिनी बोट फिरवत बसली होती.

४ एप्रिल, शुक्रवार

तीस वर्षं मी विम्याच्या कार्यालयात दाव्यांचे कागद पाहिले. म्हणून आज अंगणात बायकांनी मला विम्याचं विचारायला घेरलं.

खरं तर कागदावर गोष्ट सुधारली आहे. जुन्या आगीच्या पॉलिसीत बारा धोके असत. बारावा झुडपांच्या आगीचा, आणि त्याच ओळीत पुढे ‘जंगलाच्या आगीने झालेलं नुकसान वगळून’. वणव्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागे. १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ आली. तिच्यात झुडपांची आग, जंगलाची आग, सगळं मुळातच धरलं आहे. घराच्या विमा रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त १० लाख, घरातल्या सामानालाही आपोआप मिळतात.

पण सामान म्हणजे संसाराचं. जाळं हे धंद्याचं, त्याला वेगळी पॉलिसी. मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा माणसासाठी, मृत्यूला ५ लाख. आणि आपत्तीत पूर्ण गेलेल्या जाळ्याला सरकारी निकषाने मिळतात ४,००० रुपये.

“नि घराला?” एकीने विचारलं. मी जे पाहिलं तेच सांगितलं. विमा घेताना कागद फारसे कुणी बघत नाही, दावा आला की सगळे निघतात. घर तुमचं कशावरून, बांधकाम कधीचं, परवानगी कुठे. शहर वसवायला सिडकोने जमिनी घेतल्या, गावठाण तेवढंच राहिलं, कुटुंबं वाढली, पोरांनी वर मजले चढवले. गरजेपोटी बांधलेली घरं. त्यांचा नकाशा कुठून आणायचा?

“कागूद नाय त विमा नाय, मंग आमी कनचा कागूद आनाचा?” एक म्हातारी तडकलीच. तिचा राग रास्त आहे. ज्याच्या घराला आगीची भीती जास्त, त्याचाच कागद कच्चा. भाचीला कंपनी नको म्हणते कारण धोका मोठा. आम्हाला धोक्याआधी कागद अडवतो. रात्रभर मला झोप नाही, कारण अशा कित्येक फायलींवर शेरा मारणारा हात माझाच होता.

२० एप्रिल, रविवार

ठरलं. एका घराचे पाच फूट नाहीत, तर सगळ्या पाड्याचे मिळून काढायचे. शेवटच्या भिंतीपासून गवताचा पट्टा साफ, डिझेलचे कॅन आणि सुकी झापं वेगळ्या जागी, कचरा जाळायचा नाही. पिंपं होळीची होती ती तिथेच ठेवली, पाणी दर रविवारी बदलायचं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या आगीच्या सूचनांसाठी दोघा पोरांचे मोबाइल नोंदवले; उपग्रहाला डोंगरावर उष्णता दिसली की संदेश येतो. १९२६ हा वनखात्याचा नंबर दुकानाच्या फळीवर खडूने लिहिला.

आणि प्रत्येक घराची एक पिशवी: घरपट्टीच्या पावत्या, जुनी वीजबिलं, चारी बाजूंचे तारखेसह फोटो. पॉलिसी मिळेलच याची हमी मी देत नाही, पण दावा उभा राहिला तर हातात काही असावं.

२६ मे, सोमवार

पाऊस! मे महिन्यातच मान्सून मुंबईत. डोंगर सकाळपासून दिसत नाही.

अकरा घरांच्या पिशव्या झाल्या. प्लास्टिकमध्ये बांधत होतो, तेवढ्यात डोक्यावर पोतं घेऊन वहिनी ओसरीवर आली. उसनवारीने घेतलेलं नवं जाळं आत टांगून आली होती.

“भावजी, घराचा फोटू काडला, जाल्याचा कवा काडाचा?”