खंडी, पेटी, पाटी

कुलाब्याच्या ससून डॉकवर उजाडायच्या आत लिलावाचा गलका सुरू होतो. बर्फाचा चुरा, ओल्या फरशीवरून खडखडत जाणाऱ्या हातगाड्या, पाट्यांतून ठिबकणारे पाणी आणि दाटीवाटीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बाया. डोके मुरगळायचे, साल ओढायची, गर इकडे, टरफल तिकडे. बोटांना बघावे लागत नाही. २०१७ च्या अखेरीस स्टार्ट इंडिया फाउंडेशनने इथल्या जुन्या गोदामांत कलाप्रकल्प भरवला. तेव्हा कोळणींचे चेहरे प्रचंड आकारात भिंतींवर आले, डॉकच्या वासावरही एक मांडणी झाली. एरवी ज्या वासाला शहर नाक मुरडते, तो घ्यायला ते आपण होऊन आले. त्या चेहऱ्यांना मान मिळाला, हे चांगलेच झाले. पण व्यापाराचा इतिहास सांगणारी भिंत म्हणून पाहिले तर चित्र अपुरे वाटते. राबणारा माणूस दिसतो. त्याच्या श्रमाचे मोल ठरवणारा काटा दिसत नाही.

हा डॉक मुळात मासळीसाठी बांधलेला नव्हता. मूळच्या बगदादच्या आणि १८३२ मध्ये मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांचे पुत्र अल्बर्ट यांनी समुद्रात भर घालून तो उभारला आणि १८७५ मध्ये तो खुला झाला. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. तरी कापसाचा धंदा टिकला, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर युरोप जवळ आला आणि गोद्यांची निकड वाढली. ससून घराण्याच्या संपत्तीत कापसाबरोबर अफूचाही मोठा वाटा होता. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई. कापसाचा भाव खंडीवर, अफूचा पेटीवर, आजची मासळी पाटीने नाहीतर किलोने. माल बदलला, मापे बदलली, पण पिकवणारा किंवा पकडणारा एक आणि भाव ठरवणारा दुसरा, ही रीत तशीच राहिली. भिंतीवर नुसती कोळीण रंगवली की डॉक जणू पहिल्यापासून तिचाच होता असे वाटते, आणि खंडी व पेटी दोन्ही त्या चेहऱ्याआड जातात.

यावर कोणी म्हणेल, चित्र म्हणजे काही इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे. कबूल. पण चाळीस फुटी भिंतीवर काय मोठे काढायचे हे ठरवले, की काय वगळायचे तेही ठरते. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: आधी रंग येतो, मागून कॅफे, आणि शेवटी कामगार हद्दपार. गिरणगाव पाहिलेल्या शहराला ही भीती वाटणारच. मात्र तिथल्या लोअर परळची माणसे चित्रांनी उठवली नाहीत. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि गिरण्यांच्या जमिनीतला शहराचा व घरांचा वाटा २००१ च्या नियमदुरुस्तीने आक्रसला. तिथला निर्णय कागदावर झाला. म्हणूनच भिंतीवरच्या कलेने कागदाकडे, वहीकडे, मोजमापाकडे पाहायला हवे; नुसता चेहरा गौरवणारे चित्र जागेच्या मालकालाही आवडते, कारण ते त्याला काहीच विचारत नाही.

ससून डॉकचे बळ हे की तो अजून चालू आहे. बंद गिरणीतले चित्र मृत्युलेख होऊन बसते. इथे चित्राखालीच सौदा होतो. सोलणाऱ्या बाईची मजुरी मालाच्या वजनावर ठरते, तेव्हा तिची नजर काट्यावर असते. खाऱ्या हवेत रंगाचे पोपडे फार लवकर सुटतात, पुन्हा रंगवावेच लागते. पुढच्या वेळी त्या नजरेसमोर तो काटाही काढावा, आणि त्याच्या दुसऱ्या पारड्यात कापसाची गाठ व अफूची पेटी.