थराचे माप
काचेला घट्ट चिकटलेल्या रबरासारख्या लवचीक, पातळ थराजवळ दुसरा कठीण पृष्ठभाग आणला, की एका मर्यादेनंतर आकर्षणाने थराचा सपाटपणा मोडतो. त्यावर उंचवटे आणि खळगे उमटतात. विजय शेणॉय आणि आशुतोष शर्मा यांनी २००१ साली याचे गणित मांडले. दोन उंचवट्यांमधील अंतर थराच्या जाडीच्या सुमारे तिप्पट असते. आकर्षण कोणत्या प्रकारचे, थर किती ताठ, यांवर ते अवलंबून नसते. आकर्षण पुरेसे नसेल तर नक्षी उमटतच नाही, हे खरे. पण उमटली, की माप थराचेच.

वर्गात वाङ्मयीन प्रभाव शिकवताना मला हा थर आठवतो. उपमा फार ताणू नये, हे मान्य. तरीही प्रभाव कोणाचा, हे आपण हिरिरीने शोधतो. तो झेलणाऱ्याची खोली मात्र मोजायची राहून जाते.